थकीत दंडाची वसुली (अमेरिकेतील राज्य न्यायालये)

अमेरिकेतील राज्य आणि नगर न्यायालयांनी ठोठावलेला दंड, त्यावर चढत जाणारी शुल्के आणि पीडिताला द्यायची नुकसानभरपाई यांची थकबाकी वसूल करण्याची व्यवस्था, तसेच ती सुधारण्याचे प्रयत्न. थकबाकीदारांत ऐपत असून टाळाटाळ करणारे असतात, तसेच हातात खरोखरच काही नसलेलेही असतात. दोघांवर सरसकट एकच कारवाई होणे हे या व्यवस्थेचे सर्वांत जुने दुखणे आहे.

‘बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया’ (१९८३) या खटल्यात हे दुखणे सर्वोच्च न्यायालयापुढे आले. बेअर्डन यांना ५०० डॉलर दंड आणि २५० डॉलर नुकसानभरपाई भरायची होती. आईवडिलांकडून उसने घेऊन त्यांनी पहिले २०० डॉलर भरले. पुढे नोकरी गेली. लिहितावाचता येत नसल्याने दुसरे काम मिळेना. बाकी भरता न आल्याने त्यांची परिवीक्षा (तुरुंगाऐवजी अटींवर मिळालेली मोकळीक) रद्द होऊन तुरुंगवास वाट्याला आला. पैसे का भरले नाहीत याची चौकशी न करता असे कोणालाही तुरुंगात टाकता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

निर्णय झाला, पण खालच्या न्यायालयांतला रिवाज फारसा हलला नाही. मिसुरीतील फर्ग्युसन शहराविषयी केंद्रीय न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये काढलेला अहवाल आजही वाचावा असा आहे. सुमारे २१ हजार वस्तीच्या या गावातील न्यायालयाची १६ हजारांहून अधिक लोकांवरील अटक वॉरंटे बजावायची बाकी होती (त्यांत बाहेरगावचेही आले). एका महिलेला २००७ मध्ये गाडी चुकीच्या जागी लावल्याबद्दल १५१ डॉलर दंड आणि शुल्क झाले. सात वर्षांत तिने ५५० डॉलर भरले, सहा दिवस कोठडीत काढले, तरी तिच्या नावावर ५४१ डॉलर बाकीच होते. ही वसुली नव्हे, शुद्ध पिळवणूक आहे.

अशी सक्ती हिशेबातही परवडत नाही. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतील काही काउंट्यांचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अभ्यास ब्रेनन सेंटर या कायदेविषयक संशोधन संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे मिळालेल्या प्रत्येक डॉलरमागे ४१ सेंटहून अधिक रक्कम केवळ सुनावण्या आणि कोठडी यांवरच खर्ची पडत होती.

सुधारणेची एक वाट टेक्सासने २००५ मध्ये धरली. मोठ्या काउंट्या आणि शहरांना वसुली कार्यक्रम बंधनकारक झाला. त्यात दंड झालेल्या माणसाकडून उत्पन्न, खर्च आणि संपर्काची माहिती भरून घेतात, त्यावरून हप्ते बांधून देतात, आणि हप्ता चुकला की वॉरंटाआधी फोन व पत्र जाते. पद्धत साधी आहे, पण माणसाशी संपर्क तुटत नाही हे तिचे बळ. अ‍ॅरिझोनाने हे काम मोठ्या प्रमाणावर खासगी कंपनीकडे दिले. करपरताव्यातून कपातीचा मार्गही तेथे आहे.

वाहन परवाना निलंबित करणे हे हत्यार बराच काळ सर्रास वापरले गेले. जेथे गाडीवाचून कामावर जाता येत नाही तेथे हा उपाय कमाईच थांबवतो. कॅलिफोर्नियाने दंड थकल्याच्या कारणावरून परवाना निलंबित करणे २०१७ मध्ये बंद केले. त्याच राज्यातील ‘मायसायटेशन्स’ या ऑनलाइन सोयीने अल्प उत्पन्नाच्या माणसाला वाहतूक दंडात सूट, हप्ते किंवा वाढीव मुदत मागता येते. त्यासाठी सुनावणीला सुट्टी काढून जावे लागत नाही. दंडच रोजच्या मिळकतीच्या प्रमाणात आकारण्याचा प्रयोग न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमध्ये १९८८ सालीच झाला होता. तो देशभर रुजला नाही, ही खेदाची गोष्ट.

दंडाच्या रकमेवर गावाचा अर्थसंकल्प उभा असेल, तर या साऱ्या उपायांना आतूनच विरोध होतो. म्हणून मिसुरीने २०१५ मध्ये शहराच्या एकूण महसुलात वाहतूक दंडाचा वाटा किती असावा याची मर्यादा ३० वरून २० टक्क्यांवर आणली. सेंट लुईस काउंटीपुरती घातलेली १२.५ टक्क्यांची कडक मर्यादा मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली.