कंपनीला कुठे बेड्या घालणार?

‘कंपनीवर फौजदारी खटला चालतच नाही, फार तर भरपाई मागा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. कंपनीला तुरुंगात डांबता येत नाही, हे खरं. पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं, तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं, स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात सांगितलं की एखाद्या गुन्ह्याला कायद्यात कैद आणि दंड दोन्ही सक्तीचे असले तरी कंपनीवर खटला चालेल, शिक्षा दंडाची होईल.

भोपाळ वायुदुर्घटनेत भरपाई आणि फौजदारी खटला अशा दोन्ही वाटा दिसतात. १९८९ च्या तडजोडीत युनियन कार्बाइड या अमेरिकी कंपनीनं ४७ कोटी डॉलर दिले, ही दिवाणी भरपाई. त्याच तडजोडीत फौजदारी खटलेही गुंडाळले होते. १९९१ मध्ये न्यायालयानं ते पुन्हा उघडले. कारण गुन्ह्याचा खटला सरकार चालवतं, पैसे देऊन तो आपोआप मिटत नाही. २०१० मध्ये युनियन कार्बाइडची भारतीय उपकंपनी आणि तिचे अधिकारी दोषी ठरले. अधिकाऱ्यांना दोन वर्षं कैद, कंपनीला जेमतेम पाच लाखांच्या आसपास दंड! इतक्या माणसांच्या जिवाचा हा हिशेब.

उलट टोकाचा गैरसमजही आहे: कंपनी अडकली की सगळे संचालक आत. तसं नाही. चेक बाउन्समध्येसुद्धा गुन्हा घडला त्यावेळी कंपनीचा कारभार प्रत्यक्ष सांभाळणारेच सहसा आरोपी होतात. नुसतं संचालकपद पुरत नाही.