पहिला खड्डा खणण्याआधी एकदा या

(चिपळूण-गुहागर परिसरात घर बांधायला निघालेल्यांसाठी)

आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आठवड्यातून एक-दोन फोन ठरलेले असतात. "साहेब, फुटिंग झालीत, कॉलम वर आलेत. तुम्ही फक्त एलिव्हेशन झकास करून द्या. किती घ्याल?"

एलिव्हेशन, म्हणजे घराचं दर्शनी रूप, आम्ही करतो. पण आमच्या कामातला तो सगळ्यात सोपा भाग. सकाळचा चहा घरात कुठे बसून प्यायचा, जुलैत धुणं कुठे वाळत घालायचं, गुडघे दुखणाऱ्या आईला रात्री न्हाणीपर्यंत किती पावलं पडतात, पाहुणे ओटीवर बसले असताना स्वयंपाकघरातून मागच्या दारी जाता येतं का, हे सगळं बसवायचं ते आर्किटेक्चर. (वास्तुशास्त्र वेगळं. त्याचीही सांगड घालतो, पण आधी सांगा.)

आजोबांचं घर आठवा. नैर्ऋत्येकडून झड घेऊन येणारा आपला पाऊस. म्हणून कौलं उतरती, आणि वळचण इतकी पुढे की पागोळ्या जांभ्याच्या भिंतीपासून लांब पडाव्यात. पुढे पडवी, म्हणजे ऊन आणि झड दोन्ही तिथेच अडायची. माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागायचा, ते मात्र आपण सुधारलंच पाहिजे. मुंबईत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी कांचनजंगा ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण केली, तेव्हा पश्चिमेच्या समुद्राकडून येणारं ऊन-पाऊस अडवायला प्रत्येक फ्लॅटला कोपऱ्यात दोन मजले उंच गच्ची दिली. जुन्या बंगल्याची पडवीच ती, उंच इमारतीत नेलेली.

आता लोक मोबाईलवर कुठल्या तरी कोरड्या मुलखातल्या घराचा फोटो दाखवतात. सपाट पेटी, मोठ्या काचा, छज्जा नाही, कारण छज्जा "जुना वाटतो". दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीखाली ओल धरते. तिसऱ्या वर्षी स्लॅबवर पत्र्याची शेड चढते आणि पुढे ताडपत्री. हौसेने केलेलं एलिव्हेशन ताडपत्रीच्या मागे!

यातलं बरंचसं पहिल्या आखणीच्या दिवशीच ठरून जातं, आणि नेमके त्याच दिवशी आम्ही तिथे नसतो. मिस्त्री चुना टाकतो, जेसीबी येतो, नारळ फुटतो. मग कॉलम जिथे उभा तिथेच उभा. त्यानंतर खिडकी सरकवायची, वरचा संडास खालच्या संडासावर आणायचा, तर एकेका बदलाला आमचा आठवडा जातो आणि तुमचं सिमेंट.

एक गृहस्थ स्लॅबच्या आठ दिवस आधी आले. जिना आत घ्यायचा राहून गेला होता. टेप लावली, तर पायरीपासून बीमपर्यंत पाच फूट आठ इंच. तिथे सात फूट तरी हवेतच. शेवटी जिना घराबाहेरून काढला. देवघर वरच्या मजल्यावर, म्हातारी आई खाली. पावसाळ्यात त्या छत्री घेऊन पूजेला जातात. मिस्त्रीचा यात दोष नाही. तो सरळ भिंत उभारतो आणि ती पडत नाही. वर कोण राहणार, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

चिपळूणकरांना जोत्याचं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी कुठवर आलं, ते तुमच्या आळीतल्या भिंतींनी पाहिलंय. त्याआधी २००५ चा पूर होताच. तरी जोत्याची उंची आजही शेजाऱ्याच्या जोत्यावरून धरली जाते. जागेवर आलो की आम्ही पहिली चौकशी पाण्याची करतो, आणि विजेचा मीटर, इन्व्हर्टर, धान्याची कोठी कुठे जाणार ते त्यावर ठरवतो. बांधून झाल्यावर जोतं उचलता येत नाही.

"चार रेघा मारायचे एवढे पैसे?" हेही ऐकतो. त्या चार रेघांआधी तीन-चार नकाशे काढून फाडलेले असतात. आखणीला आणि प्रत्येक स्लॅबआधी आम्ही स्वतः साइटवर येतो. लोखंडाचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअर करतात, त्यांची फी वेगळी. आधीच सांगितलेलं बरं. आणखी एक : १९७२ च्या कायद्याप्रमाणे 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. नंबर मागा, आमच्याकडेसुद्धा.

ऑफिसात बसून पहिली चर्चा फुकट. जागेवर येण्याचे पैसे घेतो, काम दिलंत तर ते फीमधून वजा होतात. येताना सातबारा आणि मोजणीचा नकाशा आणा, दुपारी चारच्या उन्हात काढलेले जागेचे दोन फोटो आणा, आणि शक्यतो घरातल्या बायकांना बरोबर आणा. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची बाबांना विचारून ठरवली की ओटा हमखास बदलावा लागतो.