मुलांच्या संस्थेत कामाला येणाऱ्यांची चारित्र्य पडताळणी: कोणाची, कशी, कोणत्या कागदांवर

शिपाई कंत्राटदाराचा, कराटेचे सर आठवड्यातून दोनदा येणारे, व्हॅन पालकांनीच परस्पर ठरवलेली. मग पोलीस पडताळणी नेमकी कोणाची करायची?

पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा. त्याखालचे पोक्सो नियम, २०२० याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट देतात. मुलं राहतात किंवा नियमित येतात अशी कोणतीही संस्था यात येते: शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी, वसतिगृह. मुलांशी संपर्क येणारा प्रत्येक कर्मचारी, मग तो शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, त्याची पडताळणी संस्थेने करून घ्यायची आणि तीही ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या प्रकरणातला आरोपी शाळेतला सफाई कामगार होता, हे आठवलं तरी 'शिकवणारा असो वा नसो' याचं वजन कळतं. पालकांनी ठरवलेला व्हॅनवाला संस्थेचा नोकर नसतो. पण फाटकाच्या आत येणाऱ्याकडे कागद मागायला संस्थेला कोणी अडवलेलं नाही. तेच स्वयंसेवकांचं.

अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो. प्रमाणपत्र उमेदवाराच्या नावाने निघतं, म्हणून खातं त्याचंच उघडा, मोबाइल नंबरही त्याचाच द्या. एकाच क्लार्कच्या नंबरावरून सगळ्या स्टाफचे अर्ज भरले, की पोलीस ठाण्यातून येणारा फोन भलत्यालाच जातो.

ओळखीचा, जन्मतारखेचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, फोटो, सही आणि संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र एवढं तयार ठेवा. पत्रात 'आमच्याकडे नोकरीस आहेत' एवढंच लिहू नका. पद, कामाचं स्वरूप आणि मुलांशी थेट संपर्क येणार आहे हे स्पष्ट लिहा. खाली अध्यक्ष किंवा सचिवांची सही-शिक्का.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा पत्त्यावर. आधारवर गाव लातूर जिल्ह्यातलं, माणूस पाच वर्षं पिंपरीत भाड्याने. आधारवर आहे म्हणून गावचाच पत्ता टाकला तर जिथे तो खरोखर राहतो तिथली चौकशी राहूनच जाते. सध्याचा पत्ता लिहा, भाडेकरार जोडा आणि आधी कुठे-कुठे राहिला तेही भरा. दुसरा घोळ नावाचा: आधारवर 'दत्तात्रय', शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'दत्तात्रेय'. अर्जात नाव ओळखपत्राप्रमाणे ठेवा. शुल्क ऑनलाइन भरून झालं की पोलीस ठाण्यात बोलावतात. मूळ कागद घेऊन उमेदवाराने स्वतः जायचं.

कंत्राटदार 'आमच्या सगळ्यांचं झालंय' म्हणतो. त्यावर विसंबू नका. प्रत्येकाच्या नावाची प्रत घ्या आणि बदली माणूस पाठवला तर त्याचीही, कामावर घेण्याआधी. करारातच तशी अट घातली की वाद राहत नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना उघडता येते. संस्थेला पोलिसांकडूनच जावं लागतं.

प्रमाणपत्र त्या दिवसापर्यंतच्या नोंदींपुरतं बोलतं. जे कधी नोंदवलंच गेलं नाही, ते त्यात येणार कुठून? म्हणून पोक्सो कायद्याचं कलम १९ संस्थेतल्या प्रत्येकाला माहीत हवं: गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. आधी आपली समिती नेमून 'खातरजमा' करत बसायची मुभा नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कलम २१ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. तातडीला मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ किंवा आपत्कालीन क्रमांक ११२.

पडताळणीत एखादा गुन्हा दिसला तर? शेजाऱ्याशी बांधावरून झालेली मारामारी आणि मुलाविरुद्धचा गुन्हा एका मापाने मोजू नका. आधी त्या माणसाचं म्हणणं लेखी घ्या, खटल्याचं काय झालं ते बघा. प्रकरण मुलाशी किंवा लैंगिक गुन्ह्याशी संबंधित असेल, तर निकाल लागायचा असला तरी त्याला मुलांजवळ ठेवू नका. निर्णय कारणांसह इतिवृत्तात लिहा. तो कागद कुलपात राहू द्या, स्टाफरूमच्या टेबलावर नको.