सांधा बघा, डबा ओळखा

जुन्या बाजारात हिरवा रंग मारलेला कुठलाही पेट्रोलचा डबा ‘लष्करी’ म्हणून खपतो. रंग कुणीही, कधीही मारतो. ब्रिटिश सैन्याचा डबा ओळखायचा असेल तर आधी सांधा बघावा.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला या सैन्याकडे दोन गॅलनचा, म्हणजे सुमारे ९ लिटरचा दणकट डबा होता. त्याला पितळी फिरकीचं झाकण. त्याच्या जोडीला चार गॅलनचा, पातळ पत्र्याचा. सैनिक याला ‘फ्लिम्झी’ म्हणत. याच्या कडा दुमडून डाग (सोल्डर) दिलेला असे. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ट्रक हादरले की हे सांधे उकलत आणि पेट्रोल वाटेतच गळून जाई. रिकामा डबा कापून, त्यात वाळू आणि पेट्रोल घालून सैनिक चहाची चूल पेटवत. धड अवस्थेतली फ्लिम्झी आज मिळाली तर सोडू नये.

जर्मनांचा २० लिटरचा डबा १९३७ सालचा. ब्रिटिशांनी हाती लागलेले डबे वापरले आणि पुढे तसेच बनवले, तोच जेरीकॅन. याचे दोन अर्धे दाबयंत्रावर घडवून वेल्ड केलेले असतात. सांधा खोलगट खाचेत बसवल्यामुळे डबा आपटला तरी त्याला मार लागत नाही. बाजूवरच्या फुलीने पत्रा ताठ राहतो आणि त्याला फुगायला वावही मिळतो. तो लागतोच, कारण तापमान एक अंशाने वाढलं की पेट्रोल साधारण हजारात एक भाग वाढतं. पहाटेपासून दुपारपर्यंत ३० अंशांचा फरक पडला तर २० लिटरचं अर्ध्या लिटरहून जास्त! म्हणून वरच्या भागात हवेसाठी मुद्दाम पोकळी ठेवलेली आहे. अमेरिकनांनी आपल्या नकलेला फिरकीचं झाकण दिलं, ब्रिटिशांनी मूळचं खटक्याचंच ठेवलं.

मग शिक्का शोधावा: ‘डब्ल्यू’ आणि ‘डी’ (वॉर डिपार्टमेंट, म्हणजे ब्रिटिश युद्ध खातं) या अक्षरांमध्ये तीन रेघांचा बाण, आणि जवळपास सन. भारतीय लष्कराच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर दिसणारा बाण याच परंपरेतला.

‘रिकामा’ डबा मात्र कधीही तापवू, कापू किंवा वेल्ड करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती आत साचून राहते. हवेत दीड टक्का वाफसुद्धा भडकायला पुरते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासू नये. शिक्क्याभोवतीचा रंग तर आहे तसाच राहू द्यावा.