फिशटँकमधला कोळसा : आधी साखर, मग मुखवटा, मग मासे

फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत ठेवलेले ते काळे दाणे मुळात माशांसाठी बनलेलेच नाहीत. अॅक्टिव्हेटेड कार्बन वापरताना घ्यायची बहुतेक काळजी त्याच्या जुन्या धंद्यांतून आली आहे. ते धंदे ठाऊक असले की नियम पाठ करावे लागत नाहीत.

१७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रसायनशास्त्रज्ञ योहान टोबियास लोविट्झ टार्टारिक आम्ल शुद्ध करत होते आणि स्फटिक काही केल्या तपकिरीच निघत होते. द्रावणात कोळशाची पूड घातली आणि रंग उतरला. पुढे साखर कारखान्यांनी ही युक्ती उचलली. आधी लाकडाचा कोळसा वापरात होता, १८११ नंतर फिगिए यांच्या शोधामुळे हाडांचा कोळसा आला. हा कोळसा थकला की कारखान्यातल्या भट्टीत भाजून पुन्हा कामाला लावत.

तेव्हा कोळसा रंग 'पितो' असंच सगळे समजत. खरं तर तो पीत नाही, अंगाला चिकटवून घेतो. या चिकटण्याला, म्हणजे अधिशोषणाला, कायझर यांनी १८८१ मध्ये वेगळं नाव दिलं. मग १९००च्या सुमारास ऑस्ट्रेइको यांनी तापलेल्या कोळशावर वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. 'अॅक्टिव्हेटेड' म्हणजे हेच. अशा एका ग्रॅम दाण्यांचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आले तेव्हा मुखवट्यांत हाच कोळसा भरला गेला. त्यासाठी नारळाची करवंटी उत्तम ठरली, आणि आजही टँकसाठी करवंटीचा कार्बन सहज मिळतो.

इकडे माशांच्या छंदात कोळशाची गरजच वाटत नव्हती. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून 'समतोल' टँकची कल्पना मांडली. पुढची कित्येक दशकं छंदिष्ट त्या समतोलावरच विसंबून होते. विसाव्या शतकात एअर पंप आला, त्याच्या बुडबुड्यांवर चालणारा कोपऱ्यातला प्लॅस्टिकचा डबा आला. त्या डब्यात तळाशी कोळसा आणि वर काचेची लोकर भरायची. पाणी एकदम स्वच्छ दिसू लागलं, आणि माझ्या मते गैरसमजाची सुरुवात इथेच झाली.

कारण स्वच्छ दिसणारं पाणी सुरक्षित असेलच असं नाही. साखरेच्या कारखान्यात जे काम होतं तेच कार्बन टँकमध्ये करतो : पिवळसर रंग, वास आणि सेंद्रिय द्रव्यं धरतो. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट त्याच्या हाती लागत नाहीत. त्यांचा निकाल लावणं जिवाणूंचं काम आहे, ज्यांना विनोग्राड्स्की यांनी १८९० मध्ये वेगळं करून दाखवलं. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनलेलं जंतुनाशक) असेल तर कार्बन त्यातला क्लोरीन मोडतो, पण अमोनिया मागे उरतो. पाणी आरशासारखं, आणि मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताहेत, हे दृश्य यातूनच येतं.

रंग ओढायची हीच सवय औषधाच्या वेळी उलटते. मेथिलीन ब्लू हे माशांचं निळं औषध टाकावं आणि पाहता पाहता निळाई फिकी पडावी, तसं मीही एकदा बघत बसलो होतो. पिशवी फिल्टरमध्येच विसरली होती. कोळशाला घाण आणि औषध यांतला फरक कळत नाही, म्हणून उपचारात कार्बन बाहेर काढायचा आणि उपचार संपल्यावर उरलेलं औषध काढायला नवा घालायचा.

थकलेला कार्बन स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजून ताजा करण्याचा सल्ला साखरवाल्यांच्या भट्टीची आठवण देतो. पण अॅक्टिव्हेटेड कार्बन खऱ्या अर्थाने ताजा करायला सुमारे ८०० अंश सेल्सिअस लागतं. घरचा ओव्हन तिथवर पोचत नाही, त्याने दाणे फक्त वाळतात. काही आठवड्यांनी नवे घालणंच बरं, तेही धुऊन.

धुण्याला आता आणखी एक कारण मिळालं आहे. सागरी सर्जनफिशच्या डोक्यावर आणि अंगावरच्या रेषेवर खड्डे पडण्याच्या रोगाचा कार्बनशी संबंध असावा, अशी शंका छंदिष्टांत जुनीच होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लिग्नाइट या तपकिरी दगडी कोळशापासून बनवलेला कार्बन असलेल्या पाण्यात ठेवलेल्या माशांना तो रोग झाला. बारीक भुकटीकडे बोट दाखवलं जातं, म्हणून सागरी टँकवाले आता भुसभुशीत दाणे टाळून कठीण, कमी धूळ सोडणारे दाणे निवडतात, आणि पाणी काळं येणं थांबेपर्यंत ते नळाखाली खळखळून धुतात.