चेन गेलेलं घड्याळ आणि चेन नसलेलं घड्याळ

जुनं घड्याळ विकणारा “चेन नाही हं याची” असं सांगतो, तेव्हा त्याचे दोन अर्थ निघू शकतात. एक तर चेन होती आणि ती गेली. नाहीतर ती कधी नव्हतीच. ऐकायला दोन्ही सारखंच, पैशात मात्र मोठा फरक पडतो. फसगत होते ती बहुधा इथेच.

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर उद्यमनगरातला माझा एक मित्र भेटला. सगळी हयात लेथवर गेलेला माणूस, पण अलीकडे त्याला जुन्या डायव्हिंग घड्याळांचा नाद लागलाय. खिशातून रुमाल निघाला, रुमालातून घड्याळ. सिको ६३०९-७०४०. काळी डायल, उशीसारखी फुगीर केस (बाहेरची डबी), चावी तीनच्या जागी नव्हे, चारच्या जवळ. पट्टा नाही, नुसतं डोकं. विकणाऱ्याचं म्हणणं असं, की मूळची स्टीलची चेन हरवलीय म्हणून भाव जरा कमी करतो. पण ओळखीतल्या एकाकडे याचीच ओरिजनल चेन आहे, ती वेगळे पैसे देऊन मिळेल.

“भावा, घेऊ का चेन?”

मी म्हटलं, हरवायला आधी ती असावी तर लागते!

हे मॉडेल सिकोने १९७६ ते १९८८ या काळात बनवलं आणि ते बहुतेक रबरी पट्ट्यावरच विकलं जायचं. म्हणजे या घड्याळाचं जे गेलंय ते रबर, आणि ते जाणारच होतं. रबर घाम खातं, ऊन खातं, कडक होतं आणि एक दिवस पिनेजवळ चिरतं. जुनी सायकल घेताना टायर मूळचे नाहीत म्हणून कोणी हळहळतं का? तसंच हे. मूळ रबरी पट्टा टिकलेला सापडला तर संग्राहक त्याला पैसे मोजतात हे खरं, पण तो नाही म्हणून घड्याळ अपुरं ठरत नाही.

त्या जुन्या रबरी पट्ट्यांवर केसच्या जवळ लाटांसारख्या वळ्या असतात. मला त्या बरीच वर्षं नुसती नक्षी वाटायच्या. डायव्हर खोल जातो तसा पाण्याच्या दाबाने त्याचा जाड सूट चेपतो, आणि वर गच्च बसलेला पट्टा सैल पडतो. अशा वेळी ताणलेल्या वळ्या आखडतात आणि घड्याळ जागच्या जागी राहतं. भजनातल्या पेटीचा भाता करतो तेच काम. सिकोने हा भात्यासारखा पट्टा १९७५ साली आपल्या ६०० मीटरच्या टायटॅनियम घड्याळाबरोबर आणला.

आता दुसरी बाजू. रोलेक्स सबमरीनर ५५१३ घ्या. १९६२ पासून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनलेलं हे घड्याळ दुकानातून स्टीलच्या चेनवर बाहेर पडायचं. सूट चेपण्याचा तोच प्रश्न इथे चेनच्या लॉकमध्ये सोडवलाय. आत एक जादा पट्टी दुमडून ठेवलेली असते. सुटावरून घालायचं तेव्हा ती उघडायची, काठावर आलं की मिटायची. डॉक्साने १९६७ मध्ये नारिंगी डायलचं घड्याळ आणलं, त्याच्या चेनचं लॉकही असंच लांबणारं. तिच्या मधल्या कड्या तांदळाच्या दाण्यांसारख्या, आपल्या आजऱ्याच्या घनसाळासारख्या बारीक. अशा घड्याळांत चेन हा यंत्राचाच भाग. ती नसेल तर घड्याळातलं काहीतरी खरंच गेलंय.

शिवाय ती चेन मुकी नसते. रोलेक्सच्या चेनवर आतून नंबर असतो, टोकाच्या, केसला भिडणाऱ्या कडीवर वेगळा नंबर असतो आणि लॉकच्या आत बनवल्याचा काळ ठोकलेला असतो. १९७६ पासून त्यासाठी अक्षर आलं, ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं पुढे. ९३१५ नंबरची चेन पातळ पत्रा दुमडून केलेली, टोकाच्या कडीवर ३८०. ९३१५० ची कडी भरीव, टोकाला ५८०. मध्ये फरक एका शून्याचा. पोकळ पैंजण आणि भरीव पैंजण हुपरीच्या कारागिराला हातात घेताच कळतं, तसंच इथेही वजनच सांगतं. १९६७ च्या ५५१३ वर नंतरच्या काळातली भरीव ९३१५० दिसली, तर ती मागाहून बदललेली आहे. चेन रोलेक्सचीच, म्हणून विकणारा तिला ओरिजनल म्हणेल आणि तो खोटंही बोलत नसेल. फक्त ती त्या घड्याळाची नाही.

मग समोर नुसतं डोकं आलं तर ओळखायचं कसं? पहिलं काम पाठीमागचा नंबर वाचणं. सिकोच्या झाकणावर आधी मशीनचा नंबर आणि पुढे केसचा नंबर असतो. तो कळला की त्या वेळच्या जाहिरातींत हे घड्याळ कशावर बसवलेलं दिसतं ते शोधता येतं. दुसरं काम भिंग घेऊन पट्टा अडकतो त्या चार पायांच्या, म्हणजे लगच्या, आतल्या बाजूला बघणं. वर्षानुवर्षं स्टीलच्या चेनवर चाललेल्या घड्याळात टोकाची कडी आतून केस घासते आणि चंद्रकोरीसारखे चकचकीत घट्टे पाडते. रबर असं करत नाही. माझ्या मित्राला हे सांगायची गरजच पडली नाही. धातू धातूला कुठे खातो हे पाहण्यात त्याचा जन्म गेलाय. त्याच्या सिकोच्या आत एकही घट्टा नव्हता. उलट बाजूने मात्र सावध राहायला हवं. घट्टे आहेत म्हणून मूळ चेन होतीच असं नाही, मधल्या एखाद्या मालकाने बाजारातली चेन घातलेली असू शकते.

काही घड्याळांत तर चेन नसणं हीच खरेपणाची खूण. सत्तरच्या दशकात ब्रिटिश फौजेला दिलेल्या सबमरीनरच्या लगमध्ये पिना नव्हत्या, कायमच्या पक्क्या केलेल्या सळ्या होत्या. त्यांतून फक्त एकसंध कापडी पट्टा ओवता येतो. आज नाटो पट्टा म्हणून जो जिकडेतिकडे विकला जातो, त्याचं ब्रिटिश संरक्षण खात्याचं मानक १९७३ चं. फ्रेंच नौदलही ट्युडर या रोलेक्सच्याच भावंड कंपनीची सबमरीनर चेनशिवायच मागवायचं. तिथले डायव्हर पॅराशूटचा इलॅस्टिक पट्टा कापून लावत. अशा घड्याळावर कोणी चकचकीत चेन चढवून आणली, तर भाव वाढायच्या ऐवजी प्रश्न वाढतात.

जाता जाता, आपल्या घरांतल्या फेवर लुबा या स्विस घड्याळाबद्दल. ‘सी चीफ’ किंवा ‘सी किंग’ हे नाव वाचून कोणी त्याला डायव्हिंग घड्याळ समजू नये. ती ऑफिसात घालायची चावीची घड्याळं, नावातच काय तो समुद्र. फेवर लुबाचं खरं पाण्यातलं घड्याळ ‘बाथी’, खोली मोजणारं. ते कपाटात सापडलं तर गोष्ट वेगळी.

भावाचं म्हणाल, तर चेन गेलेल्या घड्याळात विकणारा जितके पैसे सोडतो, त्यापेक्षा बरोबर नंबरची चेन वेगळी घ्यायला सहसा जास्त पडतं, आणि शोधण्याचा वेळ निराळा. तरी मी अशा घड्याळाला नाही म्हणत नाही. जुन्या पोकळ चेनी बऱ्याचदा इतक्या ढिल्या झालेल्या असतात की हातात धरल्या तर माळेसारख्या लोंबतात. अस्सल डायलचं नुसतं डोकं हे रंगवलेल्या डायलच्या, चेनसकटच्या घड्याळापेक्षा केव्हाही बरं. अशा रंगरंगोटीला परदेशी शौकीन ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ऐकून राग येतो, पण नाव उगाच पडलेलं नाही.

मुळातच चेन नसलेल्या घड्याळात चेनवरून घासाघीस करणं म्हणजे चुकीच्या जागी जोर लावणं. तिथे बोलायचं ते डायलवर, काट्यांवर, डायलभोवतीच्या फिरत्या कडीवर, म्हणजे बेझलवर, आणि आतल्या रबरावर. पाणी अडवणारं सील हेही रबरच, आणि वय पट्ट्याएवढंच. बाहेरचं सडून पडलं तिथे आतलं शाबूत असेल ही आशा धरू नका. झाकणावर १५० मीटर लिहिलंय म्हणून सील न बदलता, दाबाची चाचणी न करता ते घालून पंचगंगेत उडी मारायची नाही.

पट्टा घेताना माप मिलिमीटरमध्ये मोजा. ६३०९ ला २२ चा लागतो, तो कुठेही मिळतो. त्याच्या आधीचं ६१०५ मात्र १९ चं, आणि दुकानदार २० चा कोंबून देतो. सिकोच्या डायव्हरची पिन २.५ मिलिमीटर जाड असते. तिथे साधी बारीक पिन घातली तर ती खुळखुळते, छिद्र खाते आणि एखाद्या दिवशी घड्याळ रस्त्यावर. चप्पल लाईनला एखाद्या ओळखीच्या कारागिराकडून चामड्याचा पट्टा शिवून घेता येतो, दिसतोही झकास. पण चामडं आणि पाणी यांचं जमत नाही, पावसाळ्यात तो काढून ठेवायचा.

मित्राने चेनचा विषय सोडला. बेझल अडकत फिरत होती आणि काट्यांवरचं रेडियम दोन रंगांचं होतं. त्यावर बोलून त्याने भाव उतरवला आणि घड्याळ घेतलं. चार दिवसांनी त्या ‘ओळखीतल्या’चा फोन आला. चेन नको तर नको, त्याच्याकडे याच घड्याळाचा मूळ रबरी पट्टाही आहे म्हणे, ऐंशी सालचा, अगदी नवाकोरा, लोण्यासारखा मऊ.

मित्राने विचारलं, “पंचेचाळीस वर्षं कुठं ठेवला होता, फ्रीजमध्ये?”