दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

‘घरच्या नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीत) दोन डिस्क आहेत, आपोआप कॉपी होते, मग बॅकअप वेगळा कशाला?’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

दोन डिस्कची ती जोडी म्हणजे रेड १. रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याची कल्पना, १९८८च्या बर्कली विद्यापीठाच्या शोधनिबंधातली, आणि रेड १चा हेतू एवढाच की एक डिस्क मेली तरी काम थांबू नये. नॅसवरचा फोटोंचा फोल्डर चुकून डिलीट करून बघा (नको, खरंच नको!): त्याच क्षणी तो दोन्ही डिस्कवरून जातो. आरसाच तो, समोर जे घडेल तेच दाखवणार. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडवणाऱ्या व्हायरसने) फाइली कुलूपबंद केल्या, तर दोन्हीकडे कुलूप.

बॅकअपला जुन्या आवृत्त्या लागतात. मॅकवरचं टाइम मशीन गेल्या २४ तासांच्या दर तासाच्या प्रती ठेवतं, महिन्याभराच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी या बॅकअपच्या सोयीला नॅसचा फोल्डर दाखवायचा. बॅकअपसाठी नॅसवर वेगळं यूझर खातं काढा, स्नॅपशॉटची (फाइली त्या-त्या वेळी होत्या तशा जपून ठेवण्याची) सोय असेल तर चालू करा. एक प्रत मात्र घराबाहेरच हवी. चोर नॅस उचलताना डिस्क मोजत बसत नाही. आणि महिन्यातून एकदा एखादी फाइल रिस्टोअर करून उघडते का ते बघा.